मधल्या पदाची फोड

दहावीच्या गणित भाग १ या पाठ्यपुस्तकातील दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे आहे. शाळा सुरू होऊन थोडे दिवस लोटतात, हे प्रकरण फळ्यावर येते, आणि अनेक घरांत एक वाक्य ऐकू येऊ लागते : ‘मला गणित जमत नाही.’ व्यापारी कुटुंबात हे वाक्य विशेष बोचते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी हिशेब झाले, पोत्यांचे वजन आणि भाव ऐकताच रक्कम सांगणारी माणसे ज्या पेढीवर बसली, त्या घरातील मुलीने असे म्हणावे याचे वडीलधाऱ्यांना नवल वाटते. मग आपल्या काळातील कष्टांची आठवण करून दिली जाते, महागडा क्लास लावला जातो, शेजारच्या मुलाशी तुलना होते. मुलगी नेमकी कोणत्या पायरीवर अडली आहे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो.

अलीकडे मोबाइलमुळे या प्रश्नाला घरातूनच उत्तर शोधण्याची सोय झाली आहे. आईचे माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे असलेली कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. दोन शहरांत सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर. पूर्वी मामाची भेट दिवाळीत किंवा मे महिन्यातच व्हायची. आता दुकान बंद करून गल्ला मोजून झाला की सांगलीचा मामा साताऱ्याच्या भाचीसमोर पडद्यावर बसू शकतो. अशी एक जोडी नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवली, तर ही शिकवणी कशी चालावी आणि कशी चालू नये, हे स्पष्ट होते. मामा वाणिज्य शाखेचा पदवीधर, वखारभागात दुकान. भाची दहावीत, सदाशिव पेठेत घर. एवढा परिचय पुरेसा आहे.

अशा शिकवणीत पहिला धक्का बहुधा वही पाहूनच बसतो. वहीतील सर्व उत्तरे बरोबर असतात! अक्षर सुवाच्य, पायऱ्या क्रमवार, कोठेही खाडाखोड नाही. परंतु तेच उदाहरण आकडे बदलून समोर करायला सांगितले की लेखणी थांबते. कारण उघड आहे. उदाहरणाचे छायाचित्र काढले की क्षणात सर्व पायऱ्यांसह उत्तर देणारी ॲप आज कोणाच्याही मोबाइलवर मिळतात. मुलीने ती उतरवून काढलेली असतात. येथे मामाने काय करावे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तो रागावला, तर भाची दुसऱ्या दिवसापासून अधिक कुशलतेने लपवील. त्याने काणाडोळा केला, तर मार्चमधील परीक्षेच्या खोलीत तिच्या हाती मोबाइल नसेल. समजूतदार मामा एवढेच म्हणतो, “अगं, ही वही बाजूला ठेव. आज आपण एकच उदाहरण करू, पण ते तुझे असेल.”

ॲप उत्तर चुकीचे देते असे नाही. अडचण वेगळी आहे. वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवताना सगळी गंमत मधल्या पदात असते. क्ष² + ९क्ष + २० या राशीत पहिले पद समोर दिसते, शेवटचे पद समोर दिसते, पण मधल्या ९क्षची फोड ४क्ष आणि ५क्ष अशी का करायची, हे कोठेही लिहिलेले नसते. ते शोधावे लागते. उतरवून काढलेल्या वहीत नेमका हा शोध गळून पडतो, आणि त्याचा निष्कर्ष तेवढा शिल्लक राहतो. जमाखर्चाच्या वहीत शिल्लक बरोबर आहे, पण एकाही रकमेची पावती नाही, अशी ती अवस्था.

ही फोड डोळ्यांना दिसावी म्हणून दुकानातल्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा फार उपयोगी पडतो. एक मोठा चौरस कापावा. त्याची बाजू क्ष समजावी. त्याच लांबीच्या पण एक एकक रुंदीच्या नऊ पट्ट्या कापाव्यात. एक एकक बाजूचे वीस लहान चौरस कापावेत. भाचीने हे साताऱ्यात कापायचे, मामाने सांगलीत नुसते पाहायचे. आता या सर्व तुकड्यांचा मिळून एक पूर्ण आयत बनवायचा आहे. मोठ्या चौरसाच्या उजवीकडे काही पट्ट्या उभ्या लागतील, खाली काही आडव्या लागतील, आणि कोपऱ्यात रिकामी जागा राहील. ती लहान चौरसांनी भरायची.

भाची प्रथम उजवीकडे तीन आणि खाली सहा पट्ट्या लावते. कोपऱ्यात १८ चौरस बसतात, दोन उरतात. दोन आणि सात लावून पाहते. १४ बसतात, सहा उरतात. एक आणि आठ लावल्यास आठच बसतात. चार आणि पाच लावताच कोपरा बरोबर २० चौरसांनी भरतो आणि आयत पूर्ण होतो. त्याच्या बाजू क्ष + ४ आणि क्ष + ५. दोन संख्या अशा हव्यात की त्यांची बेरीज ९ आणि गुणाकार २० असावा, हा नियम आता पाठ करण्याचा राहत नाही. पट्ट्या नऊच आहेत म्हणून बेरीज ९, आणि कोपरा वीस चौरसांनी भरायचा म्हणून गुणाकार २०. ‘अवयव’ या शब्दाचा अर्थही येथे उमगतो. आयताच्या दोन बाजू म्हणजेच त्या राशीचे दोन अवयव.

पुठ्ठ्याने पहिली भीती जाते, पण लवकरच दुसरी अडचण उभी राहते. ती उणे चिन्हाची. क्ष² − क्ष − १२ या राशीत गुणाकार उणे १२ आणि बेरीज उणे १ हवी. भाची ४ आणि ३ पर्यंत पोहोचते, पण उणे चिन्ह कोणाला द्यायचे यावर अडखळते आणि बहुतेक वेळा चुकीच्या संख्येला देते. शाळेत ही चूक ‘अवयव येत नाहीत’ या सदरात जमा होते. वास्तविक अवयव येतात. चिन्हांकित संख्यांची बेरीज कच्ची राहिलेली असते. म्हणजे दहावीची अडचण खालच्या इयत्तांत रुजलेली असते. वर्गात पन्नास-साठ मुले असताना शिक्षकांना इतके मागे जाणे शक्य होत नाही. एकट्या मुलीसमोर बसलेल्या मामाला ते शक्य होते, आणि घरच्या शिकवणीचा खरा लाभ येथेच आहे.

व्यापारी घरातील मुलीला जमा आणि उधारीची भाषा समजते. तीन रुपये जमा आणि चार रुपये उधारी असली, तर अखेरीस एक रुपया उधारी राहते. म्हणून ३ आणि −४ यांची बेरीज −१. उलट चार जमा आणि तीन उधारी असल्यास एक रुपया जमा राहतो. मोठ्या आकड्याचे चिन्ह शिल्लक राहते, ही गोष्ट गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. गुणाकारासाठीही हाच दृष्टांत थोडा ताणता येतो. पन्नास रुपयांच्या तीन उधाऱ्या कोणी माफ केल्या, तर घेणाऱ्याची स्थिती दीडशे रुपयांनी सुधारते. उणे तीन गुणिले उणे पन्नास बरोबर अधिक दीडशे. एवढे पक्के झाले की क्ष² − क्ष − १२ चे अवयव (क्ष − ४)(क्ष + ३) असे मिळतात. मग भाचीने ते पुन्हा गुणून पाहायचे. गुणाकार करून मूळ राशी आली, तरच उत्तर मान्य. रोजकीर्द जुळल्याशिवाय दिवस बंद होत नाही, हा पेढीचा नियम येथेही लागू आहे. त्यामुळे उत्तर बरोबर आहे का, हे मामाला विचारण्याची गरजच उरत नाही.

तिसरी अडचण शून्याची. अवयव पाडण्यापूर्वी समीकरणाची उजवी बाजू शून्य का करायची, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना कोणी सांगितलेले नसते किंवा सांगितलेले लक्षात राहिलेले नसते. (क्ष − २)(क्ष − ३) = १२ असे समीकरण दिले, की विद्यार्थी सरळ क्ष − २ = १२ लिहून क्ष = १४ असे उत्तर काढतो. ते ताडून पाहिले तर डावी बाजू १२ गुणिले ११, म्हणजे १३२ येते. चूक कोठे झाली? दोन संख्यांचा गुणाकार १२ असेल, तर त्या २ आणि ६ असतील, ३ आणि ४ असतील, अर्धा आणि २४ही असतील. त्यावरून काहीच निश्चित होत नाही. पण गुणाकार शून्य असेल, तर दोहोंपैकी एक संख्या शून्य असलीच पाहिजे. दुसरा मार्ग नाही. म्हणून कंस सोडवून सर्व पदे एका बाजूला आणायची. क्ष² − ५क्ष − ६ = ० असे रूप मिळते, अवयव (क्ष − ६)(क्ष + १) पडतात, आणि उत्तरे ६ व −१ येतात. दोन्ही मूळ समीकरणात ठेवून पाहिल्यास गुणाकार १२च येतो. एवढे एक उदाहरण नीट समजले, तर पुढची वीस उदाहरणे भाची स्वतः सोडवते.

आता शाब्दिक उदाहरणांकडे. यांचीच मुलांना सर्वाधिक धास्ती असते, आणि यांच्यातच दुकानदार मामाचा अनुभव कामी येतो. समजा, एका व्यापाऱ्याने ६,००० रुपयांचे स्टीलचे डबे घेतले. प्रत्येक डबा ५० रुपयांनी स्वस्त मिळाला असता, तर तेवढ्याच रकमेत ४ डबे अधिक आले असते. एका डब्याचा भाव काय? भाव क्ष मानला, तर डब्यांची संख्या ६,००० भागिले क्ष; नव्या भावाने ६,००० भागिले (क्ष − ५०). दुसरी संख्या पहिलीपेक्षा ४ ने अधिक आहे. छेद काढून टाकले आणि सर्व पदे एकीकडे आणली, की क्ष² − ५०क्ष − ७५,००० = ० हे समीकरण हाती येते.

येथे मुले हताश होतात. पंचाहत्तर हजारांचे अवयव किती म्हणून शोधायचे? पण मामाने थोडे थांबून एक गोष्ट सुचवावी. गुणाकार ७५,००० आहे, चिन्हे विरुद्ध आहेत, म्हणून त्या दोन संख्यांतील फरक ५० आहे. फरक ५० असलेल्या दोन संख्यांपैकी एक मध्यापासून २५ ने वर आणि दुसरी २५ ने खाली असणार. तेव्हा मध्याचा वर्ग वजा २५ चा वर्ग बरोबर ७५,०००. पंचविसाचा वर्ग ६२५. म्हणजे मध्याचा वर्ग ७५,६२५, आणि मध्य २७५. पाचने संपणाऱ्या संख्येचा वर्ग तोंडी काढण्याची रीत जुन्या पेढीवर सर्वांना येत असे : २७ गुणिले २८ बरोबर ७५६, त्यापुढे २५. संख्या मिळाल्या ३०० आणि २५०. अवयव (क्ष − ३००)(क्ष + २५०). भाव उणे असू शकत नाही, म्हणून डब्याचा भाव ३०० रुपये. ताळा पाहावा : ३०० रुपयांनी २० डबे, २५० रुपयांनी २४ डबे, दोन्हीकडे रक्कम ६,००० रुपये.

मध्य काढून संख्या शोधण्याची ही युक्ती नवी नाही. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर ती चार हजार वर्षांच्या आसपास जुनी असलेली आढळते. २०१९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी ती शाळेतील मुलांसाठी पुन्हा पुढे आणली, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. अवयव पाडणे म्हणजे अंधारात चाचपडणे नव्हे, त्यालाही विचाराची वाट आहे, हे मुलांना तिच्यामुळे कळते.

ज्या भूमीत ही सांगली-साताऱ्याची शिकवणी चालते, तिचे वर्गसमीकरणांशी असलेले नाते तर थेट आहे. नवव्या शतकात हा प्रदेश राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मद्रासमध्ये १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो हिंदी अनुवादासह छापला. व्यवहार, संगीत, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या अशा सर्व क्षेत्रांत गणित कसे उपयोगी आहे, हे महावीराचार्यांनी आरंभीच सांगितले आहे. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, ऋण संख्येला मात्र वर्गमूळ नसते, कारण कोणताही वर्ग ऋण नसतो, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे.

त्यांच्या ग्रंथातील एक उदाहरण भाचीपुढे ठेवण्यासारखे आहे. उंटांच्या एका कळपाचा चौथा हिस्सा रानात दिसला. कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगर-उतारावर गेले. उरलेले १५ नदीकाठी होते. कळप किती उंटांचा? वर्गमूळ क्ष मानावे, म्हणजे कळप क्ष². मग क्ष² बरोबर क्ष² चा चौथा हिस्सा, अधिक २क्ष, अधिक १५. चारने गुणून एका बाजूला आणले की ३क्ष² − ८क्ष − ६० = ०. येथे क्ष² चा सहगुणक ३ असल्याने मधल्या पदाची फोड करताना ३ आणि −६० यांचा गुणाकार, म्हणजे −१८०, पाहायचा. गुणाकार −१८० आणि बेरीज −८ : संख्या −१८ आणि १०. मग ३क्ष² − १८क्ष + १०क्ष − ६०, म्हणजे ३क्ष(क्ष − ६) + १०(क्ष − ६), म्हणजे (क्ष − ६)(३क्ष + १०). कळपाचे वर्गमूळ येथे ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = ६ आणि कळप ३६ उंटांचा. नऊ रानात, बारा उतारावर, पंधरा नदीवर. जवळपास पावणेबाराशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांना पडलेले कोडे आपणही सोडवले, याचा आनंद दहावीच्या मुलीला गुणांपेक्षा वेगळा वाटतो.

दूर राहून नातेवाइकाने शिकवण्याची कल्पना जगात कोठवर गेली, हेही पाहण्यासारखे आहे. सलमान खान हा बॉस्टनमधील तरुण २००४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये राहणाऱ्या नादिया या आपल्या मावसबहिणीसारख्या नात्यातील मुलीला फोनवरून आणि संगणकावरून गणित शिकवू लागला. एका चाचणीत ती एककांच्या रूपांतराच्या उदाहरणांवर अडली होती. इतर नातलग मुलेही शिकू लागली, तेव्हा २००६ मध्ये त्याने आपले पाठ यूट्यूबवर ठेवले. पुढे त्यातूनच खान अकादमी उभी राहिली. मुलांना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा ते पाठ अधिक आवडले, असे त्याने नंतर सांगितले आहे. त्याचे कारण घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे आहे : पडद्यावरचा पाठ पुन्हा पुन्हा मागे नेता येतो, आणि ‘हे तुला अजून कळले नाही?’ असे कोणी विचारत नाही.

खुद्द सातारा जिल्ह्यातही असा एक प्रयोग झाला आहे. शिक्षणतज्ज्ञ डॉ. सुगत मित्र यांना २०१३ मध्ये दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’ या नावाने भारतात ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. मुलांनी गटाने बसून इंटरनेटच्या साहाय्याने स्वतः उत्तरे शोधावीत, आणि दूरदेशीच्या ज्येष्ठ व्यक्तींनी पडद्यावरून त्यांना धीर द्यावा, अशी ती योजना. २००९ पासून जमलेल्या या ज्येष्ठांच्या मेळ्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ असे नाव पडले. त्यांचे काम उत्तर सांगण्याचे नव्हते. आजी जशी नातवाच्या पाठीशी उभी राहून ‘हे तू कसे केलेस, मला दाखव पाहू’ असे म्हणते, तसे म्हणण्याचे होते. ज्यांना वर्गसमीकरण येत नाही अशा आज्या आणि आयांनाही यात जागा आहे. मुलगी त्यांना समजावून सांगू लागली, की तिचे स्वतःचे अर्धे कच्चेपण तिच्याच ध्यानात येते.

साताऱ्याचे आणि शिकवणीचे नाते त्याहून जुने आहे. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील तरुणपणी साताऱ्यात खासगी शिकवण्या घेत असत. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नव्हते. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. विद्यार्थ्याला फुकट काही देऊ नये, त्याने आपल्या श्रमाने शिकावे, हे कर्मवीरांचे तत्त्व ‘कमवा आणि शिका’ या शब्दांत महाराष्ट्राला माहीत आहे. ते तत्त्व वसतिगृहातील अन्नाइतकेच गणितातील उत्तरालाही लागू पडते. आयते मिळालेले उत्तर परीक्षेपूर्वीच संपून जाते.

आता काही व्यावहारिक सूचना, ज्या अशी शिकवणी सुरू करू इच्छिणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडतील.

मोबाइल चेहऱ्यासमोर न ठेवता दोन जाड पुस्तकांच्या आधाराने वहीवर रोखलेला असावा. मामाला भाचीचा चेहरा दिसण्यापेक्षा तिची लेखणी दिसणे महत्त्वाचे. लेखणी कोठे थांबते, तेथेच अडचण असते. भाचीने प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत लिहावी. चित्र अडकले आणि केवळ आवाज येऊ लागला, तर शिकवणी बंद करू नये. अशा वेळी मुलीला सारे शब्दांत सांगावे लागते, आणि ज्याला शब्द सापडले त्याला गणित सापडले, असे समजायला हरकत नाही.

एका बैठकीला पस्तीस-चाळीस मिनिटे पुरेत, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. सायंकाळचे जेवण लवकर आटोपणाऱ्या घरांत आठ-साडेआठची वेळ सोयीची असते. शिकवणी बैठकीच्या खोलीत, घरच्या माणसांच्या वावरात व्हावी. नात्यातला शिकवणारा असला तरी हाच नियम ठेवावा, म्हणजे परक्याकडून शिकण्याची वेळ आली तरी तो आपोआप पाळला जातो. वहीचे छायाचित्र आदल्या रात्री पाठवून ठेवावे. तपासताना शेवटच्या उत्तराला फुली मारू नये. जी पायरी प्रथम चुकली, तिच्याभोवती गोल करावा. एका गोलात त्या दिवसाचा अभ्यास मावतो.

शिकवणाऱ्यासाठी सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे गप्प राहणे. भाची चार आणि तीन यांच्यावर चिन्हे उलटसुलट लावून पाहत असताना मामाच्या ओठावर उत्तर आलेले असते. ते तेथेच थांबवावे लागते. तीस सेकंदांची शांतता पडद्यावर फार लांब वाटते, पण मुलीच्या डोक्यात त्या वेळी काम चालू असते. ती पूर्णच अडली, तर उत्तराऐवजी प्रश्न द्यावा : “बेरीज किती हवी होती?” एवढ्याने बहुतेक वेळा गाडी पुढे जाते.

प्रत्येक वर्गसमीकरण अशा रीतीने सुटत नाही, हेही मुलीला वेळीच सांगावे. क्ष² + ५क्ष + ३ = ० मध्ये गुणाकार ३ आणि बेरीज ५ येईल अशा पूर्णांकांची जोडी नाहीच. तेथे सूत्र वापरावे लागते. विवेचक, म्हणजे २५ वजा १२, १३ येतो. तो पूर्ण वर्ग नाही, हीच त्याची खूण. हे माहीत नसेल, तर मुलगी अर्धा तास जोडी शोधत राहते आणि दोष स्वतःला देते. शाळेतील शिक्षकांशीही मामाने किंवा आईने एकदा बोलून घ्यावे. घरी एक पद्धत आणि वर्गात दुसरी, अशी मुलीची ओढाताण होता कामा नये. मध्य काढण्याची युक्ती तोंडी विचारासाठी चालेल; उत्तरपत्रिकेत मात्र पाठ्यपुस्तकातील पायऱ्याच लिहाव्यात.

आणि ती ॲप? ती काढून टाकण्याचा हुकूम सोडण्यात अर्थ नाही. त्यांचा क्रम बदलावा. आधी उदाहरण स्वतः सोडवायचे, गुणाकार करून ताळा पाहायचा, आणि मगच यंत्राला विचारायचे. उत्तर जुळले तर आनंद. न जुळले तर कोणाची पायरी चुकली, हे शोधायचे. बँकेचे पासबुक आले म्हणून दुकानदार आपली वही लिहायचे सोडत नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून मेळ घालतो. मेळ घालता येण्यासाठी स्वतःची वही आधी लिहिलेली असावी लागते, एवढे मुलीला पटले, की मोबाइलचे भय उरत नाही.

मार्च महिन्यात गणित भाग १ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची असते, आणि तिच्यात वर्गसमीकरणांचा वाटा त्यातला एक भागच असतो. पण ‘मला जमत नाही’ हे वाक्य त्या भागापुरते राहत नाही. ते अकरावीची शाखा ठरवते, पुढे सनदी लेखापाल होण्याचा विचार मनात येण्याआधीच तो खोडून टाकते, आणि मुलींच्या बाबतीत तर घरातील व्यवसायाच्या वह्यांपासूनही त्यांना दूर ठेवते. म्हणून सांगलीच्या दुकानातून निघालेली चाळीस मिनिटे साताऱ्याच्या त्या टेबलावर खर्ची पडावीत. पुठ्ठ्याचे तुकडे जपून ठेवावेत. धाकट्या भावंडांना आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात, तेव्हा ते पुन्हा लागतील, आणि त्या वेळी शिकवायला मामा नव्हे, भाची बसलेली असेल.